तेलाचा दाब उत्तम आहे

बिघाड दोन प्रकारचे असतात: झालेला आणि दिसलेला. झालेल्या बिघाडाने फक्त यंत्र बंद पडते. दिसलेल्या बिघाडाने मालकाची इज्जत जाते. म्हणून कोणत्याही सुधारलेल्या समाजात दुरुस्तीला दिसण्यापासून सुरुवात करतात. आमच्या गोंदिया जिल्ह्याने या शास्त्रात जी मजल मारली तिची दखल अजून नागपूरनेही घेतलेली नाही, मग पुण्या-मुंबईची काय कथा. ज्यांना हे शास्त्र येते ते लिहीत नाहीत, आणि ज्यांना लिहिता येते ते इकडे फक्त बदली झाली तर येतात, तेही रडत. तेव्हा हे काम माझ्याच अंगावर आले.

आधी थोडे प्राथमिक. पोकलेन म्हणजे साखळीच्या पट्ट्यांवर चालणारे आणि एका लांब हाताने माती उपसणारे यंत्र. नवे पोकलेन आमच्या जिल्ह्याने रस्त्याने जाताना पाहिले आहे. इथे मुक्कामाला येतात ती सगळी सेवानिवृत्त. कुठल्या तरी खाणीत हाडे झिजवून, वरून रंग मारून आणि तासांचा काटा मागे फिरवून ती येतात. (तासांचा काटा म्हणजे यंत्राची जन्मतारीख. शाळेत नाव घालताना मास्तर पोराची जन्मतारीख ज्या सद्भावनेने टाकतो, त्याच सद्भावनेने हा काटा फिरवतात.)

या नव्या जमान्याच्या इंजिनांत जागोजागी सेन्सर बसवलेले असतात. तेलाच्या दाबावर एक, पाण्याच्या उष्णतेवर एक, हवेवर एक, असा प्रत्येकावर एकेक चुगलखोर. कुठे बिनसले की तो वर कळवतो, कॅबिनमधल्या पडद्यावर एक आकडा उमटतो, लाल दिवा लागतो आणि शिटी वाजू लागते. त्या आकड्याला कोड म्हणतात. कोड पाहून रोग ओळखायचा, याला निदान म्हणतात. हे पुस्तकातले झाले.

जिल्ह्यातली रूढ पद्धत अशी. आधी बॅटरीची वायर काढून परत लावतात, म्हणजे झाले ते यंत्र विसरेल. (सुनेला चार दिवस माहेरी पाठवून परत आणतात, त्यामागे हाच सिद्धान्त आहे.) मग सेन्सरचे सॉकेट काढून त्यात फुंकर मारतात. फुंकणारा जितका ज्येष्ठ, तितका गुण लवकर. तरी दिवा विझला नाही तर आधीच्या मालकाला शिव्या देतात. ही पायरी बंधनकारक आहे. ती गाळली तर पुढची दुरुस्ती लागू पडत नाही, असे जाणकार सांगतात. आणि मग सर्वांच्या समक्ष निदान जाहीर होते: सेन्सर खराब आहे.

आकडेवारी बोलकी आहे. जिल्ह्यात लागणाऱ्या शंभर लाल दिव्यांपैकी पंच्याण्णव सेन्सर खराब असल्यामुळे लागतात, चार उंदराने वायर कुरतडल्यामुळे आणि एक नजर लागल्यामुळे. इंजिन खराब असल्यामुळे दिवा लागल्याचे एकही प्रकरण आजवर सिद्ध झालेले नाही. इंजिने जाम होतात हे खरे, पण तो योगायोग.

या शास्त्राचे पीठ गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला आहे. पीठाधीश खुमेंद्र मिस्त्री. एका पंक्चरच्या दुकानाला लागून त्याचे टपरीवजा विद्यापीठ आहे. खुमेंद्र नवे सेन्सर ठेवत नाही. त्याच्याकडे प्लास्टिकच्या डबीत जुन्या टीव्ही-रेडिओतून उपटलेले बारीक रेझिस्टर असतात, दिसायला तांदळाच्या दाण्याएवढे. तो त्यांना दाणाच म्हणतो. सेन्सरची वायर कापायची आणि तिच्या दोन टोकांमध्ये दाणा अडकवायचा. सेन्सर आपला बाजूला बोंबलत बसतो; यंत्राच्या मेंदूला दाण्याकडून एकच निरोप जात राहतो, की सगळे उत्तम आहे. तेल असो, नसो. इंजिन धडधाकट असो की शेवटचे आचके देत असो. मी तर म्हणतो, असे स्थैर्य कुठल्या सरकारलाही लाभले नाही. दाणा लावलेले यंत्र विकायला सोपे, चालवायला शांत आणि मालकाशी नम्र असते. त्याला मरण तेवढे अचानक येते. पण अचानक मरण हे पुण्यवंतालाच येते अशी आपली परंपरा आहे.

आता प्रत्यक्ष प्रकरण.

जीवनलाल रहांगडाले हे आमच्याकडचे प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांनी असे एक सेवानिवृत्त पोकलेन घेतले आणि त्या उन्हाळ्यात त्यांना आमच्या गावच्या तलावातला गाळ काढायचे काम मिळाले. गाव सौंदडच्या पलीकडे. (नाव लिहीत नाही. मला तिथेच राहायचे आहे.) तलाव जुना, मालगुजारांच्या वेळचा. खालची सगळी धानशेती त्याच्यावर. त्याच्या मातीच्या पाळीवरून, म्हणजे आमच्या भाषेत पारीवरून, गावाच्या चार पिढ्या चढून उतरल्या. पण गाळाने भरलेले ट्रॅक्टर पारीवर चढेनात. मग जीवनलालभाऊंनी सोपा उपाय काढला. पारच कापली. ट्रॅक्टर सहज निघेल एवढी मोठी खिंड, थेट तळापर्यंत. काम संपवून बाहेर पडताना मशीन आपल्यामागे खिंड बुजवेल, असे ठरले. तलाव बांधणाऱ्यांना हे सुचले नव्हते, कारण ते मागासलेले होते.

खिंडीच्या बरोबर खाली दुर्पताबाईची बांदी, म्हणजे बांध घातलेले शेत. विधवा बाई, धानाचा एवढाच तुकडा. ती पारीवर येऊन उभी राहिली.

"काऊन गा जीवनलालभाऊ, पार फोडून राहिले?"

"मंग टॅक्टर कसे निघतीन, मावशी? गाळ का तू डोक्स्यावर नेशीन?"

"पानी आला का सप्पा माह्या बांदीत घुसन."

"पान्याच्या पयले बुजवून देतो ना. मशीनले अर्ध्या दिवसाचा काम हाये तो."

"अना मशीनच बिघडली तं?"

जीवनलालभाऊ यावर मनापासून हसले. यंत्रासमोर असे अभद्र बोलू नये, एवढेच त्यांनी सांगितले आणि खिंडीत नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा दुर्पताबाईलाही मिळाला. म्हणजे तिची संमती झाली.

काम जोरात चालले. मशीन चालवायला बिसराम होता. माणूस कामाला वाघ. फक्त कानाला मोबाईल लागायचा. मेमरी कार्डात दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची, गाणी भरलेली, आणि तो मशीनचा हात चालवायचा तोही गाण्याच्या तालावर. एके दिवशी ऐन गाण्यात शिटी वाजू लागली. बिसरामने फोन लावला.

"भाऊ, शंभर आला."

"कायचा शंभर?"

"पडद्यावर आला. एक, शून्य, शून्य."

"शंभरपैकी शंभर? मंग शिटी कायले वाजून राहिली?"

"खुशीत वाजत असंन."

(शंभर हा तेलाचा दाब पडल्याचा कोड आहे. पण आमच्याकडे शाळेतून शंभर कोणी घरी आणलेच नव्हते, त्यामुळे आनंद होणे स्वाभाविक होते.)

आनंद फार टिकला नाही, कारण मशीन मंदावली. तेलाचा दाब पडला की हे यंत्र आपण होऊन दम खाते, इंजिन वाचावे म्हणून. पुस्तकात याला संरक्षण म्हणतात. जीवनलालभाऊंनी याला कामचुकारपणा म्हटले. बॅटरीची वायर काढून लावली. जीवनलालभाऊंच्या वडिलांना मोटारसायकलवर बसवून आणले आणि त्यांच्याकडून फुंकर मारून घेतली. आधीच्या मालकाचा यथासांग उद्धार झाला. दिवा जळतच राहिला, तेव्हा कुडव्याला निरोप गेला.

खुमेंद्र दुचाकीवर आला. चहा घेतला. कॅबिनमध्ये डोके घालून आकडा पाहिला आणि मान हलवली, जशी मोठे डॉक्टर हलवतात.

"सेन्सर गया है, भाऊ."

बिसराम खाली उतरला होता. तो म्हणाला, "मिस्तरी, एकदा तेल पाहून घ्याचा का?"

"तेल कायले पाहायचा? कोड किसने दिया? सेन्सर ने दिया. तो खराब कौन हुआ?"

"सेन्सर," बिसराम म्हणाला.

"बस. तेल ने तो कुछ बोला ही नहीं."

या युक्तिवादात भोक शोधून पाहा. मी अजून शोधतो आहे. जो बोलला तो बिघडला, जो गप्प राहिला तो ठीक. या एका सूत्रावर आमच्याकडे घर, शाळा, सोसायटी आणि पक्ष चालतात, मग इंजिन का चालू नये? डबीतून दाणा निघाला. वायर कापली गेली. क्षणात शिटी थांबली, लाल दिवा विझला आणि पडद्यावर तेलाच्या दाबाची पट्टी उभी राहिली: हिरवीगार, काठोकाठ. बिसरामने गाणे जिथे अडले होते तिथून पुढे सुरू केले. सर्वांना बरे वाटले. मशीनलाही वाटले असावे, कारण ती पूर्ण ताकदीने खोदू लागली.

पुढे इंजिनातून खडखड आवाज येऊ लागला. त्यावर बिसरामने गाण्याचा आवाज वाढवला. खडखड वाढली तसा त्याने मोठा स्पीकर आणला. तलावाच्या तळात, सगळ्यांत खोल जागी, एका दुपारी मशीनने मोठा दणका दिला, थोडा धूर सोडला आणि हात वर उचललेला तसाच ठेवून ती थांबली. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या पोरासारखी.

खुमेंद्र पुन्हा आला. चावी फिरवली. पडदा उजळला. पट्टी हिरवी, काठोकाठ.

"रीडिंग तो एकदम फर्स्ट क्लास है."

"मंग चालू काऊन नाई होऊन राहिली?" जीवनलालभाऊंचा आवाज पहिल्यांदा चिरकला.

"कोड ही नहीं आ रहा ना भाऊ. कोड आए बिना बीमारी कैसे बताऊँ?"

इथे शास्त्र आपल्या शिखराला पोहोचले. रोगाची खूण काढून टाकली की रोगाला नाव उरत नाही. आणि नाव नसलेला रोग कोणालाही झालेला नसतो. खुमेंद्रने तसे स्पष्ट मत दिले: मशीन निरोगी आहे. फक्त चालत नाही.

मे सरत आला होता. खिंड उघडी. दुर्पताबाई घरोघर फिरू लागली. "पार बांधा गा. हातानं बांधू. बाया याले तयार हायेत, टोपले हायेत, माती तं तिथंच पडली हाये." बोलणे एवढेच, पण सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. माणसे तिला येताना पाहून दार लोटून घेऊ लागली. शेवटी सरपंच भूमेश्वरीबाईंनी ग्रामसभा घेतली. समाजमंदिर भरले. (पाण्याच्या विषयावर एवढी माणसे कधी येत नाहीत, विषय मशीनचा आहे असे कळले होते.)

"मशीन बिघडली," दुर्पताबाई उभी राहून म्हणाली. "हातानं पार बांधा. नाई तं माही बांदी जाते, अना तुमच्या तलावात थेंब राहत नाई."

"अव मावशी, मशीन अंदर हाये," जीवनलालभाऊ म्हणाले. "पार बांधली अना तलाव भरला, तं मशीन बुडते माही."

"अना नाई बांधली तं मी बुडतो. त्याचा काय?"

असे थेट प्रश्न सभेच्या शिस्तीत बसत नाहीत. भूमेश्वरीबाई शहाण्या बाई. त्यांनी प्रश्न मुळापासून घेतला.

"पयले हे ठरवा, का मशीन बिघडली असा कोन म्हनते? बिसराम, पडदा काय सांगते?"

"उत्तम सांगते, बाई."

"अना मिस्तरी?"

"फर्स्ट क्लास म्हनला."

"मंग एकटी दुर्पता म्हनते, का बिघडली."

"मी कायले म्हनू?" दुर्पताबाई म्हणाली. "जाऊन पाहा ना! उभी हाये ना थे, बगळ्यासारखी!"

पाहायला कोणी गेले नाही, कारण सभा सुरू असताना उठून जाणे बरे दिसत नाही. हात वर करून मत घेतले. ठरावाची भाषा मी तशीच देतो, कारण एवढे सुंदर मराठी आमच्या गावात क्वचित लिहिले जाते: "यंत्र सुस्थितीत असून तूर्त चालत नाही. सुस्थितीतील यंत्र उपलब्ध असताना पाळ हाताने बांधणे हा यंत्रावरील अविश्वास ठरेल. सबब यंत्र सुरू होताच पाळ बांधण्यात यावी." दुसरी मशीन आणावी, असे मागून कोणीतरी पुटपुटले. पण दुसरी आणायची म्हणजे पहिली बिघडली असे मानायचे, आणि ते तर नुकतेच नामंजूर झाले होते.

तरी दुर्पताबाई चार बाया घेऊन टोपल्यांसह खिंडीत उतरली. जीवनलालभाऊ खिंडीच्या मध्यभागी येऊन मातीतच बसले. हातापाया पडले. रडलेही. खोटे कशाला लिहू, त्यांचे रडणे खरे होते; सख्ख्या भावाला स्मशानात पोचवताना त्यांचा एवढा आवाज निघाला नव्हता. बायांना दया आली. बसलेल्या माणसाच्या अंगावर माती कशी टाकायची? त्या परत फिरल्या. दुर्पताबाई एकटीच टोपले टाकत राहिली, तेव्हा तिच्या हातातले टोपले काढून घेण्यात आले. आदराने.

आभाळ काळे झाले. त्याचीही चर्चा झाली आणि जूनमध्ये आभाळ काळे होतेच, तो त्याचा स्वभाव आहे, असे एकमत झाले.

मग जे व्हायचे ते झाले. वरच्या जंगलातून पाणी आले, तलावात शिरले, क्षणभर थबकले आणि खिंडीतून बाहेर पडले. जाताना खिंडीजवळ रचलेला सगळा गाळ बरोबर घेऊन गेले. ट्रॅक्टरने जो गाळ सावकाश शेतात टाकायचा होता, तो पाण्याने एका सकाळी टाकला. सगळा एकाच बांदीत. दुर्पताबाईच्या बांदीचे बांध, त्यातले कोवळे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, सगळे दिसेनासे झाले. कंबरभर काळा चिखल आणि त्यावर कोणाची तरी चप्पल.

मशीन मात्र बुडाली नाही. पाणी थांबलेच नाही तर बुडेल कशी? पट्ट्यांना जेमतेम ओल लागली. जीवनलालभाऊंनी गावात पेढे वाटले. पुढे दिवाळीच्या सुमारास बालाघाटकडचे एक गिऱ्हाईक आले, तेव्हा चावी फिरवून पडदा दाखवण्यात आला. हिरवी पट्टी, काठोकाठ. गिऱ्हाईकाने हात जोडले. इतके प्रामाणिक रीडिंग त्याने कुठे पाहिले नव्हते. ट्रेलरवर चढवून मशीन ओढत नेली. फक्त चालत नाही, ही किरकोळ बाब दोन्ही पक्षांनी मोठ्या मनाने सोडून दिली.

नुकसान पाहायला तालुक्याहून साहेब आले. बूट जपत पारीवर उभे राहिले.

"अतिवृष्टी," साहेब म्हणाले.

"पार फोडली होती, साहेब," दुर्पताबाई म्हणाली. "मी सांगून राहिली होती."

साहेबांनी सरपंचबाईंना बाजूला घेतले. "या बाई नेहमी असंच बोलतात का?"

"होय साहेब. उन्हाळ्यापासून."

"मग त्यांच्या बोलण्याचा पावसाशी काही संबंध नाही," साहेब म्हणाले, आणि गाडीत बसले.

त्या हंगामात गावाच्या खालच्या शेतात रोवणी झाली नाही. तलाव कोरडा, कालवा कोरडा. तरी गावाने धीर सोडला नाही. माणसे रोजीला गोंदियाच्या राईस मिलमध्ये जाऊ लागली आणि दुसऱ्याच्या धानाची पोती उचलताना आपल्याकडे पाऊस कसा बेभरवशाचा आहे हे एकमेकांना सांगू लागली. सगळे सुरळीत होते. अडचण एकच राहिली. दुर्पताबाई. ती सकाळी खिंडीच्या काठावर जाऊन उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच वाक्य ऐकवायची: "मी सांगून राहिली होती." शिवी नाही, शाप नाही. पण रोज. लोकांची जेवणावरची वासना उडाली. बिसरामला गाणे गोड लागेना. जीवनलालभाऊंनी तर तलावाकडची वाटच सोडली.

गावाने जबाबदारीने विचार केला. पाणी वाहून गेले, यात दोष कोणाचाच नव्हता. ते ठरलेले होते. बांदी गेली, त्याला निसर्ग कारण. मग रोज सकाळी हा त्रास कशामुळे होतो? जो बोलतो तो बिघडतो, हे शास्त्र गावाला आता तोंडपाठ होते. भूमेश्वरीबाईंनी स्वतः पुढाकार घेतला, जीवनलालभाऊंनी आपली गाडी दिली, आणि दुर्पताबाईला शहरातल्या डॉक्टरकडे नेण्यात आले. डॉक्टर भला माणूस. बाईला झोप नाही, असे बरोबरच्यांनी सांगितले, आणि ते खरेच होते. त्याने झोपेची गोळी लिहून दिली. पांढरी, बारीक.

आता ती खिंडीवर जात नाही. ओसरीत बसते. तिच्या तोंडासमोरून गाव निवांत ये-जा करते. कोणी विचारले, "कशी हायेस वो दुर्पता?" तर थोड्या वेळाने म्हणते, "बरी हावो."

खिंड अजून उघडीच आहे. तिच्याबद्दल आता कोणाची तक्रार नाही.

इथवर आल्यावर वाचकाला छातीत कुठेतरी बारीकसे टोचले असेल, तर घाबरून जाऊ नये. कुडव्याचा पत्ता शोधण्याचीही गरज नाही. खुमेंद्रला आधीच खूप काम आहे. हे टोचणे पान उलटेपर्यंतच राहते. तुमच्यात दाणा नंतर बसवावा लागत नाही. तो कंपनीतूनच लागून आलेला आहे.